अनुकंपेची सायकल

सेवानिवृत्त झालेल्या सायकलीच्या जागी तिच्याच नात्यातली सायकल नेमावी लागते, असा आमच्या तालुक्यात नियम आहे. माझा राग त्या नियमावर नाही. नियमाच्या मुळाशी अनुकंपा आहे. जिने आयुष्यभर माणसाला घाट चढवला, तिच्या घराण्याला तिच्या पश्चात उघड्यावर टाकू नये, ही भावना मला मान्य आहे आणि निबंधासाठी मी मुलांना हा विषयही देत आलो आहे. माझा राग आहे तो या शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना अनुकंपा वाटत बसणाऱ्या माणसांवर. अनुकंपा म्हणजे दुसरा कापू लागला की त्याच्याबरोबर आपणही कापणे. सायकल सेवा कार्यालयातले श्री. दिगंबर सांगळे कशानेही कापत नाहीत. त्यांच्या टेबलावरचा पंखासुद्धा त्यांच्याहून अधिक हलतो.

मी त्रिविक्रम उपासनी, चांदरपठारच्या शाळेतला एकमेव शिक्षक. राहतो खाली, दांडवलीत. दांडवली आणि पठार यांच्यामध्ये घाट आहे आणि त्या घाटात कधीकाळी रस्ता होता. आता तिथे गोटे आहेत, झाडांची मुळे आहेत, आणि मध्ये ओढा वाटेनेच वाहतो. तिथून चालते ती फक्त डोंगरी सायकल: रुंद टायरांची, भक्कम चौकटीची, चढासाठी हलके गिअर असलेली.

पायी जाता येते, पण पायी जाऊन उपयोग नाही. चांदरपठारावर पायी आलेला माणूस पाहुणा असतो. त्याला घोंगडी अंथरतात, तांब्याभर पाणी देतात, घरची ख्यालीखुशाली विचारतात आणि उन्हे उतरण्यापूर्वी वेशीपर्यंत पोचवतात. त्याने पाणी घेतले की पाहुणचार लागू झाला. पाहुण्याला कामाला लावणे तिथे पाप समजतात, म्हणून त्याला शिकवू देत नाहीत, तपासू देत नाहीत, सहीसुद्धा करू देत नाहीत. सायकलने आलेला माणूस मात्र कामाला आलेला असतो. त्याला पाणी कोणी विचारत नाही. शिक्षण खात्याने ही रीत हजेरीच्या नियमांत जशीच्या तशी घेतली आहे. भाड्याची सायकल चालत नाही, कारण तिच्यावरून आलेला शिक्षकही भाड्याचाच धरला जातो. हे सर्व मला योग्य वाटते. एखाद्या ठिकाणी माणूस कशासाठी आला आहे, हे तो कसा आला यावरून ठरावे, यात गैर काही नाही.

माझी सायकल माझ्याबरोबरच नोकरीला लागली होती. अलीकडे तिची साखळी चढावर दात सोडू लागली होती, मागचे चाक लंगडत होते, पुढचा शॉकअप दाबला की पुन्हा वर येण्यास विचार करीत असे. शेवटी तिच्या मानेजवळ चौकटीला चीर गेली आणि तपासणी मंडळाने तिला सेवेस अयोग्य ठरवले. निरोप समारंभ रीतसर झाला. हँडलवर शाल पांघरली, कॅरिअरवर नारळ ठेवला. तिला बोलण्यास सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मास्तरांच्या वजनाबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पण त्यांनीही ते कधी कमी केलं नाही." लोक हसले. मीही हसलो. तोवर मला राग आलेला नव्हता.

घाई होती ती सोमवारची. त्या दिवशी विस्तार अधिकारी श्री. शिवणकर शाळा पाहण्यास येणार होते. पठारावरच्या शाळेचा पट तोकडा आहे. अशा शाळेत पाहणीच्या दिवशी शिक्षक गैरहजर आढळला, तर ती खालच्या शाळेत विलीन करावी, असा आदेश आहे. विलीन हा शब्द मी मुलांना नदीच्या संदर्भात शिकवतो. नदी समुद्रात विलीन होते. सुगंधा ढवळे रोज घाट उतरून दांडवलीच्या शाळेत विलीन होणार नाही. ती घरी बसेल, शेळ्या राखील, आणि पुढे तिचे लग्न होईल तेव्हा कुणाला आठवणारही नाही की त्रैराशिकात तिचा हात कोणी धरू शकत नव्हते. ज्याने हा शब्द त्या आदेशात घातला त्याने नदी पाहिली नसावी आणि सुगंधाही पाहिली नसावी.

तेव्हा सोमवारच्या आत सायकल नेमली जावी म्हणून मी शुक्रवारी सकाळीच तांबोळ्यांच्या दुकानी गेलो. शौकत तांबोळी सायकली विकतात आणि विकताना गिऱ्हाइकाची थट्टा करतात. थट्टेचा आकार वेगळा लावत नाहीत. नेमणूक होईपर्यंत सायकली बोलत नाहीत, त्यामुळे त्यांची पारख हातानेच करावी लागते. मी एकेक चाक उचलून फिरवले आणि कान लावून ऐकले. ब्रेक ओला करून दाबला. बसून पाय टेकतात का ते पाहिले, उभे राहून चौकट मांडीला लागते का ते पाहिले. सर्वांत हलक्या गिअरवर टाकून पायडल एका बोटाने फिरवले. शेवटी एक गडद हिरवी सायकल मनात भरली. तिचे टायर मऊ मातीत रुतणार नाहीत इतके रुंद होते आणि दगडावर जड होणार नाहीत इतके हलके. तिच्यावर दिखाऊ असे काहीच नव्हते. नेमके बांधलेले वाक्य जसे असते, तशी ती होती.

"मास्तर, लग्नाच्या वेळी तरी एवढं बघितलं होतं का?" तांबोळी म्हणाले.

"तेव्हा त्यांनी मला पाहिले होते."

"आणि पास केलं? कमाल आहे." त्यांनी हिरवीच्या सीटवरची धूळ फडक्याने झटकली. "पण एक सांगतो. आधी कार्यालयातून नातं जुळवून आणा. मागं एकांनी नेली आणि तिसऱ्या दिवशी परत आणून उभी केली. नात्यातली नाही म्हणाले. मला माहीत का, कोण कुणाची कोण?"

मी कार्यालयात गेलो. सांगळे यांनी मला बसण्यास सांगितले नाही, कारण समोर खुर्ची नव्हती.

"हिरवी सायकल तुमच्या निवृत्त सायकलीची कोण?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही. ती चांगली सायकल आहे."

"चांगली हे नातं नव्हे, सर."

"घाट चढू शकेल अशी आहे."

"तेही नातं नव्हे." त्यांनी पेनाचे टोपण काढले आणि पुन्हा लावले. "तुमच्या सायकलीनं निवृत्त होताना वारसाचं नाव दिलं आहे. सख्खी भाची. एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून काढलेल्या दोघी बहिणी. त्यातल्या धाकटीची ही मुलगी. डॉक्टर रणदिवे बाईंच्या व्हरांड्यात असते. उद्या जाऊन घेऊन या."

डॉक्टर रणदिवे यांच्या व्हरांड्यातली सायकल मी पाहिलेली होती. सर्व दांडवलीने ती पाहिलेली आहे.

"ती व्यायामाची सायकल आहे," मी म्हणालो.

"सायकल आहे ना?"

"तिला चाके नाहीत."

"एक आहे. पुढचं."

"ते जमिनीला टेकत नाही, सांगळे!"

"टेकावं असं नियमात कुठं आहे ते दाखवा. पायडलं दोन, बसायला सीट, धरायला हँडल. तिन्ही आहेत. शिवाय अनुभव आहे."

"कसला अनुभव?"

"तिच्या मीटरवर बघा. तुमच्या जुनीपेक्षा जास्त किलोमीटर झालेत. एक पंक्चर नाही. एक अपघात नाही."

"ती जागची हललेली नाही!"

"सेवेत खंड नाही, असं म्हणा." सांगळे यांनी पंख्याचे तोंड आपल्याकडे वळवले. "आणि आवाज जरा खाली घ्या. मागं शेडमध्ये निवृत्त सायकली बसल्यात. त्यांना विश्रांती हवी असते."

मला आयुष्यात अनेकदा राग आला आहे. बहुतेक वेळा तो अशुद्ध लेखनावर आला आणि लाल शाईने शमला. या खेपेचा राग निराळा होता. समोरचा माणूस खोटे बोलत असता तर त्याला खोडून काढता आले असते. सांगळे एकही शब्द खोटा बोलत नव्हते. त्यांनी खऱ्याखऱ्या विटांची भिंत रचली होती आणि तिच्यात दार ठेवण्याचे त्यांना कोणी सांगितले नव्हते, म्हणून ठेवले नव्हते.

मी मागच्या शेडमध्ये गेलो. पत्र्याखाली निवृत्त सायकली भिंतीला टेकून ओळीने उभ्या होत्या. माझी सायकल शेवटी होती. शाल अजून हँडलवरच होती.

"भाचीचे नाव तुम्ही दिलेत?" मी विचारले.

"दिलं. माझी भाची आहे ती."

"ती चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे."

"तिला कोणी चालवलंय कधी? डॉक्टरीणबाई कैक वर्षं जागच्या जागी पायडल मारत बसल्या आणि मग टॉवेल वाळत घालायला लागल्या. समोर भिंत, अंगावर टॉवेल. पोरीनं जन्माला येऊन तेवढंच बघितलं. मी रोज घाट बघितला, मास्तर. पठारावरचं ऊन बघितलं. तिनं एकदा बघू नये?"

"आणि मी तिच्यावर बसून घाट कसा चढावा?"

"ते तुम्ही बघा. तुम्ही शिकलेले आहात."

"सोमवारी शिवणकर येणार आहेत. मी गैरहजर ठरलो तर शाळा बंद पडेल. ज्या मुलींना तुम्ही रोज व्हरांड्यात उभ्या राहून पाढे म्हणताना ऐकलेत, त्या उद्या पाढे म्हणणार नाहीत. हे तुमच्या भाचीच्या टॉवेलापेक्षा मोठे नाही का?"

आम्ही बोलत राहावे म्हणून शेजारच्या एका गंजलेल्या मालवाहू सायकलीने उगाच घंटी वाजवली.

"शाळा बंद पडणार नाही," माझी सायकल म्हणाली. "तुम्ही पडू देणार नाही."

"कशावरून?"

"इतकी वर्षं माझ्यावर बसलात. माणूस कळतो."

माझ्या रागाला यापूर्वी एक काठ होता. तो इथे फुटला. एखाद्याच्या गुणांचा हिशेब करून त्याला कोंडीत पकडणे हे त्याला शिव्या देण्यापेक्षा अधिक क्रूर आहे. मी तिला म्हणालो की तुम्ही माझ्यावर जन्माचा सूड उगवता आहात.

"सूड घ्यायचा असता तर मोडक्या मानेनं मीच आले असते," ती म्हणाली, "आणि मोठ्या वळणावर तुम्हाला खाली घातलं असतं. मारलं का कधी?"

मारले नव्हते. मी निरोप न घेता निघालो.

शनिवारी डॉक्टर रणदिवे यांनी सायकलीवरचे टॉवेल काढून घेतले आणि ती माझ्या स्वाधीन केली. खासगी सेवेत असल्यामुळे तिला बोलता येत होते.

"नमस्कार, सर," ती म्हणाली. "मावशीनं सगळं सांगितलंय. मी तयार आहे. कुठं उभं राहायचं?"

"उभे राहायचे नाही. सोमवारी निघायचे आहे."

"निघायचं म्हणजे?"

ज्या प्रश्नाचे उत्तर व्याख्येने देता येत नाही, तो प्रश्न मला आवडत नाही.

रविवारी मी तिच्यावर बसून अंगणात बराच वेळ पायडल मारून पाहिले. रागाच्या भरात माणूस असे करतो. मीटरवरचे आकडे पुढे गेले, समोरची तुळस जिथे होती तिथेच राहिली. माझी पत्नी दारातून म्हणाली, "अहो, पोचलात की कळवा." तिच्याकडे मी वळूनही पाहिले नाही, कारण पाहिले असते तर हसलो असतो, आणि त्या दिवशी मला हसायचे नव्हते.

सोमवारी सकाळी मी खाटेची नवार काढली, सायकल पाठीला बांधली आणि निघालो. तिच्या पोटात एक जड लोखंडी चकती आहे. डॉक्टरांना व्यायामात विरोध मिळावा म्हणून ती बसवलेली असते. तो विरोध आता माझ्या मणक्यावर आला. कार्यालयामागच्या शेडवरून जाताना माझ्या जुन्या सायकलीने मला पाहिले.

"मास्तर, मोठ्या वळणावर डावीकडून घ्या," ती ओरडली. "उजवीकडे शेवाळं धरतं या दिवसांत. आणि तिला वाऱ्यात जास्त बोलू देऊ नका, सवय नाही."

घाट सुरू झाला. माझ्या पाठीवरून ती सतत बोलत होती.

"सर, सगळं हलतंय."

"सगळे हलत नाही. आपण हलतो आहोत."

"पण मीटर पुढे जात नाही. नक्की जातोय ना आपण?"

"जातो आहोत."

"मीटर खोटं बोलत नाही कधी. तुम्ही जरा पायडल मारा ना, म्हणजे कळेल."

"माझे हात रिकामे नाहीत आणि पाय त्याहून नाहीत."

"मग आपण गेलो हे कशावरून धरायचं?"

मी वर चढत राहिलो. त्या चढावर मला माझ्या पायांनी नेले असे मी म्हणणार नाही. मला रागाने नेले. प्रत्येक गोट्यावर पाय ठेवताना मी सांगळे यांचे एकेक वाक्य आठवत होतो. टेकावं असं नियमात कुठं आहे? एक गोटा. सेवेत खंड नाही. दुसरा. चांगली हे नातं नव्हे. या वाक्यावर मी एकदम तीन गोटे चढलो. ओढ्यापाशी दम घेण्यासाठी टेकलो तेव्हा मी मागे हात घालून तिचे पायडल थोडे फिरवून दिले. मीटरचा आकडा बदलला आणि तिला हायसे वाटले. हे मी दयेने केले नाही, तिची बडबड थांबावी म्हणून केले.

मोठ्या वळणावर मी डावीकडून घेतले. तिथे डोंगराची कड सुटते आणि एकदम सर्व खोरे समोर येते: खालची शेते, दांडवलीचे पत्रे, पलीकडच्या रांगा आणि त्यांच्याही पलीकडच्या. माझ्या पाठीवरचा आवाज बंद झाला. मी आठ-दहा पावले गेलो तरी ती काही बोलेना, म्हणून मीच थांबलो.

"काय झाले?"

"सर," ती म्हणाली, "भिंत संपली."

मी पुढे निघालो. रागाने बोलण्याजोगे त्यात काही नव्हते, आणि दुसऱ्या कशाने बोलण्याइतका श्वास माझ्याजवळ नव्हता.

शाळेत पोचलो तेव्हा मुले पटांगणात होती. मी नवार सोडून सायकल व्हरांड्यात ठेवली आणि खांबाला धरून उभा राहिलो. सुगंधा ढवळे जवळ आली. तिने सायकलीकडे पाहिले, मग माझ्या शर्टावर उमटलेल्या पट्ट्यांकडे पाहिले.

"सर, आज पाहुणे का कामाला?"

"कामाला."

"पण चालत आलात."

"सायकल घेऊन आलो आहे."

"सायकल तुमच्यावर होती, सर. तुम्ही सायकलीवर नव्हता."

मी तिला नेमके बोलण्यास शिकवले होते. आपण शिकवलेले असे आपल्यावरच चालून येते तेव्हा शिक्षकाला अभिमान वाटायला हवा. मला तहान लागली होती. घशात थुंकी उरलेली नव्हती. सुगंधा आत गेली, पाण्याने भरलेला तांब्या घेऊन आली आणि तो दोन्ही हातांत धरून उभी राहिली. देत नव्हती आणि परतही नेत नव्हती. निर्णय होईपर्यंत पठारावर असेच करतात.

"हे शिवणकर साहेब ठरवतील," मी म्हणालो.

शिवणकर आले ते बऱ्याच वेळाने, आणि प्रथम त्यांच्या धापा ऐकू आल्या. मग टोपी दिसली, मग चेहरा. तो चिखलाने आणि संतापाने सारखाच भरलेला होता. छातीशी, कमरेच्या पट्ट्याने गळ्यात अडकवलेली, एक लाल तिचाकी होती. लहान मुलांची, पुढे बदकाच्या तोंडाचा भोंगा असलेली.

त्यांनी नमस्कार केला नाही. "सायकल कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"ही."

"ही तुम्ही पाठीवरून आणली आहे. घाटात तुमच्या पायांचे ठसे मी पाहिले. टायरची रेघ एकही नाही."

"पाठीवरून आणली."

"म्हणजे पायी आलात. पायी आलेला शिक्षक पाहुणा. शिक्षक गैरहजर." त्यांनी खिशातून पेन काढले. "शाळा विलीन करण्यास हरकत नाही, असं मी लिहितो."

"आजोबा," तिचाकी म्हणाली, "मला खाली ठेवा की. पट्टा टोचतोय."

शिवणकर यांनी तिला गळ्यातून काढून व्हरांड्यात ठेवले. सुगंधा हे सर्व पाहत होती. तिने तिचाकीकडे पाहिले, साहेबांच्या चिखलाने माखलेल्या बुटांकडे पाहिले आणि तांब्या थोडा पुढे केला.

"साहेब, मग पाणी दोघांनाही देऊ?"

तांब्याच्या अंगावर थंड पाण्याचे थेंब जमले होते आणि त्यातला एक ओघळून तिच्या मनगटावर आला. शिवणकर यांचे डोळे त्या थेंबाबरोबर खाली गेले. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. त्यांनी हात पुढे केला.

"घ्या, साहेब," मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू आला नाही. "घाट मोठा आहे. पाणी घ्या, घोंगडीवर बसा. ही मुले तुमच्या घरची चौकशी करतील, मुलाबाळांचे विचारतील, आणि उन्हे उतरण्यापूर्वी वेशीपर्यंत पोचवतील. पाहुण्याला पेन धरावे लागत नाही."

त्यांचा हात हवेतच राहिला. त्यांनी हिशेब केला आणि मी तो त्यांच्या चेहऱ्यावर वाचला. पाणी घेतले तर ते पाहुणे. पाहुण्याने केलेली पाहणी ही पाहणी नव्हे. पाणी नाकारले तर ते कामाला आलेले. म्हणजे अंगावर वाहून आणलेली सायकल ही सायकलच, आणि मग व्हरांड्यातली ती दुसरीही सायकलच. मला समाधान वाटायला हवे होते. उलट राग अधिकच भडकला. एका मुलीने उद्या काय शिकावे, हे एका माणसाच्या कोरड्या घशात अडकून पडले होते. आणि तो माणूस वाईट आहे असेही म्हणता येत नव्हते.

"तुमची ही कोण?" शिवणकर यांनी खालच्या आवाजात विचारले.

"निवृत्त सायकलीची भाची. आपली?"

"माझ्या जुनीची नात." त्यांनी टोपी काढून कपाळ पुसले. "मी सांगितलं त्यांना, माझ्या कामाला घाट आहेत, गिअरची पाहिजे. म्हणाले, चाकं तीन आहेत, तुमच्या जुनीपेक्षा एक जास्तच. तक्रार कशाची?"

"सांगळे?"

"सांगळे."

आम्ही दोघेही काही क्षण एकाच दिशेने, घाटाच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तो एकाच रागाचा दोन माणसांनी मिळून घेतलेला विसावा होता. मग शिवणकर यांनी हात मागे घेतला.

"तांब्या आत ठेव, बाळ," ते सुगंधाला म्हणाले. "मी कामाला आलो आहे."

"आणि सर?"

त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवला आणि लिहिले. पेन इतके दाबले की कागदाला भोक पडले. "शिक्षक हजर," त्यांनी लिहिता लिहिता मोठ्याने म्हटले, जणू कुणाला तरी शिवी देत होते. "शाळा चालू. पुढच्या पाहणीपर्यंत."

"पुढची पाहणी कधी?"

"मी पुन्हा चढू शकेन तेव्हा. आता वर्ग घ्या. मला पाहायचा आहे."

ते वर्गात शेवटच्या रांगेत, मुलांच्या मागे मांडी घालून बसले. मी फळ्यावर तारीख लिहिली. अक्षर वाकडे आले. ते पुसून पुन्हा लिहिले. माझा राग उतरलेला नव्हता. संध्याकाळी तीच सायकल घेऊन उतरायचे होते, उद्या पुन्हा चढायचे होते, आणि तांबोळ्यांच्या दुकानातली हिरवी सायकल अजून तिथेच, मुकी, उभी होती. मी सुगंधाला उभे केले आणि त्रैराशिकाचे एक उदाहरण घातले. ते कठीण होते, कारण मला सोपे घालायचे नव्हते. ती भिंतीकडे पाहत ओठांतल्या ओठांत आकडे जुळवू लागली. शिवणकर यांनीही मागे बोटांवर मोजायला सुरुवात केली.

बाहेर व्हरांड्यात दोघी सायकली मोठमोठ्याने बोलत होत्या. भाची तिचाकीला घाट कसा चढावा ते समजावून सांगत होती आणि तिचाकी मध्येच भोंगा वाजवून तिला थांबवत होती. सुगंधाचा आकडा दोनदा चुकला.

मी बाहेर गेलो आणि दोघींना गप्प बसण्यास सांगितले. आत वर्ग चालू होता.